शिकारीचा धाक, हरणाची चाल आणि आपला उभा ऊस



गळीत हंगामापूर्वी गटवार बैठका होतात. त्यांत लागणीच्या नोंदी, बेणेबदल, खतांची उचल, तोडणी प्रोग्राम हे नेहमीचे विषय असतात. परंतु डोंगरकडेच्या आणि माळाकडेच्या गावांत अलीकडे पहिला प्रश्न निघतो तो रानडुकरांचा, आणि त्याच्या पाठोपाठ हरणांचा. नवी लागण उकरली, कोवळे कोंब खाल्ले, उभा ऊस मोडून चघळला आणि चोथा टाकून दिला, असे एकेक जण सांगू लागतो. शेवटी मागणी येते, "साहेब, कारखान्यानं परवानगी काढून बंदूकवाले आणावेत. एकदा चार बार निघू द्या, परत फिरकायची न्हाईत."

आम्ही शेतकी खात्यातली माणसे. नुकसान आम्ही बांधावर उभे राहून पाहतो, त्यामुळे या मागणीमागचा राग आम्हांस समजतो. पण "परत फिरकायची नाहीत" हे कितपत खरे आहे, ते एकदा तपासून पाहिले पाहिजे. कारण याच भरवशावर पैसा जातो, रात्रीची झोप जाते, आणि कधी कधी माणसाचा जीवही जातो. शिकारीचा धाक बसल्यावर जनावर नेमके काय करते, याचा बारकाईने अभ्यास झाला आहे तो उत्तर अमेरिकेत, तेथील हरणांवर. म्हणून या लेखात आधी तिकडची हकिगत सांगतो आणि मग आपल्या फडाकडे वळतो.

तिकडचा शिकारीचा हंगाम

अमेरिकेत ज्या हरणाची सर्वांत जास्त शिकार होते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण. धोक्याची चाहूल लागली की ते शेपूट उभारते, शेपटीखालची पांढरी बाजू झेंड्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. अंगाने साधारण आपल्या चितळासारखे, पण थंड मुलखातले नर शंभर किलोच्याही वर भरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांची इतकी बेसुमार कत्तल झाली की सगळ्या देशात पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी हरणे उरली असावीत, असा अंदाज केला जातो. पुढे बाजारासाठी होणारी शिकार बंद झाली, परवाने आले, हंगाम ठरले. १९३७ साली बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या कामासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. आज या हरणांची संख्या तीन कोटींच्या घरात धरली जाते. तेव्हा मका आणि सोयाबीन खाल्ल्याची तक्रार तिकडचा शेतकरीही करतो, त्यात आपण एकटे नाही.

शिकारीचा हंगाम प्रत्येक राज्यात वेगळा. साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात धनुष्यबाणाच्या शिकारीने सुरुवात होते आणि नोव्हेंबरात बंदुकीचा हंगाम उघडतो. विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीचा मुख्य हंगाम अवघा नऊ दिवसांचा असतो, पण तेवढ्यासाठी पाच-सहा लाख माणसे परवाने घेतात. पेनसिल्व्हेनिया राज्यात वर्षानुवर्षे हा हंगाम सोमवारी उघडत असे आणि त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या बऱ्याच शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून तो शनिवारी उघडू लागला. आपल्याकडे मोळी टाकण्याच्या दिवशी जी गडबड असते, तशीच म्हणा ना. शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून हिंडतात, एकमेकांच्या गोळीला बळी पडू नये म्हणून. हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो. तसे पाहिले तर त्याला डोळ्यांची फारशी गरजही पडत नाही, कारण वाऱ्यावर आलेला माणसाचा वास त्याला फार लांबून कळतो.

हंगाम जसा पुढे सरकतो

सप्टेंबरात नर हरणे लहान टोळ्या करून राहतात. आपसांत भांडण नसते. संध्याकाळी चांगला उजेड असतानाच सोयाबीनच्या किंवा गवताच्या रानात उतरतात आणि रस्त्याने जाणाऱ्या गाडीकडे मान वर करून बघत उभी राहतात. रोजची वेळ आणि रोजची वाट जवळजवळ ठरलेली. शेतकऱ्याला वाटते, आता हंगाम उघडला की हे नर आपल्या हातातच आले.

ऑक्टोबरात ओकच्या झाडांची फळे गळू लागतात. हरणांना ती फार आवडतात. मग हरणे शेत सोडून झाडीत जातात आणि शेताच्या कडेला बसलेला शिकारी म्हणतो, "हरणे गेली." गेलेली नसतात. खाणे बदलले म्हणून जागा बदलली, एवढेच. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, जनावराच्या वागण्यातला प्रत्येक बदल धाकामुळेच होतो असे नाही. पोटासाठी होणारा बदल आणि भीतीमुळे होणारा बदल हे दोन वेगळे ओळखता आले नाहीत, तर उपाय हमखास चुकीचा होतो.

त्यानंतर माणसाची वर्दळ वाढते. बंदुकीचा हंगाम उघडण्यापूर्वीच लोक रानात हिंडू लागतात, झाडांवर मचाणे बांधतात, वाटा साफ करतात, ओढ्याकाठी गाड्या उभ्या करतात. हरीण हे सगळे टिपत असते. मग येतो पहिला शनिवार-रविवार. विस्कॉन्सिनसारख्या राज्यात नऊ दिवसांतल्या एकूण शिकारीपैकी फार मोठा हिस्सा पहिल्या दोन दिवसांतच पडतो. शिकाऱ्यांची गर्दी त्या दोन दिवसांत जास्त असते हे एक कारण झाले. दुसरे असे की, बंदुकीच्या शिकारीत काय होते याचा अंदाज हरणांना अजून आलेला नसतो. तो आला की चित्र पालटते. दोन-चार दिवसांत मचाणावरचा माणूस दिवसभर बसून रिकाम्या हाताने उतरू लागतो आणि गावात येऊन सांगतो, रान मोकळे झाले.

साधारण नोव्हेंबरचा मधला काळ हा उत्तरेकडच्या राज्यांत नरांच्या माजाचा. माजावर आलेला नर मादीच्या मागे दिवसाढवळ्या मोकळ्यावर येतो. त्या काही दिवसांत त्याचा धाक थोडा बाजूला पडतो, म्हणून शिकाऱ्यांना हा काळ हवासा वाटतो. माज ओसरला की नर वाळलेला, थकलेला असतो आणि तिकडे थंडी सुरू झालेली असते. पोटाची गरज मोठी, पण धाक कायम. मग हरीण अंधार पडल्यावर शेतात उतरते आणि उजाडण्यापूर्वी दाट झाडीत परत जाते. हंगाम संपून रान शांत झाले की हळूहळू ते पुन्हा उजेडी दिसू लागते. "यंदा शिकार झाली तरी एवढी हरणे कुठून आली?" असे लोक तेव्हा विचारतात.

गळ्यातल्या पट्ट्यांनी सांगितलेली गोष्ट

हे सगळे शिकाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होतेच. पण हरीण जाते कुठे, हे नक्की कोणी सांगू शकत नव्हते. गेल्या काही दशकांत हरणांच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेले पट्टे बांधता येऊ लागले. ठराविक वेळाने हरीण कोठे होते याची नोंद त्या पट्ट्यात होते, रात्र असो की दिवस. त्यामुळे अंदाजाची जागा मोजमापाने घेतली.

ओक्लाहोमा राज्यातला एक प्रयोग आम्हांस फार बोलका वाटतो, कारण तो आपल्या प्लॉटवरच्या चाचणीसारखाच आखलेला होता. सुमारे साडेचार हजार एकरांचे एक रान घेतले आणि त्याचे भाग पाडले. एका भागात शिकारी नाहीत, दुसऱ्यात २५० एकरांस एक शिकारी, तिसऱ्यात ७५ एकरांस एक. बंदुकीचा हंगाम १६ दिवसांचा. २००८ आणि २००९ अशी दोन वर्षे पट्टे बांधलेल्या नर हरणांवर नजर ठेवली. शिकाऱ्यांना दिसणारी हरणे हंगाम पुढे जाईल तशी कमी कमी होत गेली. आता कोणीही म्हणेल की हरणे पळून गेली. पण पट्ट्यांच्या नोंदी सांगत होत्या की हरणे आपापल्या मुलखातच होती. त्यांनी हालचाल कमी केली होती आणि दाट आडोसा धरला होता. माणूस ज्या वेळी आणि ज्या जागी बघत होता, त्या वेळी त्या जागी येणे तेवढे बंद केले होते.

दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या एका जंगलात ऑबर्न विद्यापीठाच्या मंडळींनी अशाच पट्ट्यांवरून मचाणांचा अभ्यास केला. ज्या मचाणावर शिकारी बसून गेला, त्याच्या आसपास नर हरणे दिवसा यायची टाळू लागली, आणि हा परिणाम सुमारे तीन दिवस राहिला. म्हणजे माणूस उतरून घरी गेला तरी त्याचा धाक तेथे तीन दिवस मुक्कामाला होता. पण तीन दिवसच. आणि रात्री हरणांना त्या जागेचे फारसे वावडे नव्हते.

ही खोड केवळ हरणांची नाही. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जगभरातल्या ७६ अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली. त्यांत ६२ जातींचे सस्तन प्राणी होते. माणसाची वर्दळ असेल तेथे प्राण्यांची रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पट झालेली आढळली. म्हणजे जो प्राणी आपला निम्मा वावर दिवसा आणि निम्मा रात्री करतो, तो माणसाच्या शेजारी राहिला की ६८ टक्के वावर रात्री करू लागतो. यात गंमत अशी की, हे फक्त शिकारीने होते असे नव्हे. शेती, रस्ते, नुसते हिंडायला येणारे लोक, यांनीसुद्धा तेच होते.

मागे कोण उरतो

आता जरा नाजूक मुद्दा. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात एल्क नावाचे मोठे हरीण आहे, आपल्या सांबराचे थोरले भावंड म्हणा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात असे दिसले की, जी एल्क हरणे शिकाऱ्यांना बळी पडली ती आधीपासूनच जास्त फिरणारी आणि मोकळ्यावर येणारी होती. जी वाचली ती कमी हलणारी, आडोशाने राहणारी होती. त्याच भागातल्या माद्यांवरचा दुसरा अभ्यास २०१७ सालचा. त्यात मादी वयाने वाढते तशी अधिक सावध होत जाते, शिकारी आसपास असताना हालचाल आवरते, आणि नऊ-दहा वर्षांची झाली की शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागत नाही, असे आढळले.

याचा अर्थ असा की, बंदूक कळपातला धीट आणि बेसावध भाग आधी काढते. उरतो तो हुशार भाग. पहिल्या वर्षी चार पडतात, दुसऱ्या वर्षी एक पडतो, तिसऱ्या वर्षी नुसताच दारूगोळा खर्च होतो. अमेरिकेत एवढे शिकारी, एवढ्या बंदुका, रीतसर परवाने आणि ठरलेला हंगाम असूनही हरणे कोट्यवधी आहेत, हे ध्यानात घ्यावे. शिकारीने संख्या आवरता येत नाही असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ माद्या, ठरवून, वर्षानुवर्षे काढल्या तर ती आवरते. पण "चार बार काढले की परत फिरकायची नाहीत" ही गोष्ट वेगळी, आणि तिला आधार नाही.

आता आपल्या फडाकडे

रानडुक्कर म्हणजे हरीण नव्हे. त्याचे नाक हरणापेक्षा सरस, खाणे काहीही चालते, आणि मादीला एका वेतात चार-सहा पिल्ले सहज होतात. पण धाक बसला की वेळ बदलणे आणि आडोसा धरणे, ही चाल दोघांची एकच. आणि इथेच आपली अडचण अमेरिकन शेतकऱ्यापेक्षा मोठी होते. तिकडच्या हरणाचा आडोसा जंगलात आणि खाणे शेतात. दोन्हींच्या मधली वाट त्याला रोज ओलांडावी लागते. आपल्याकडे उभा ऊस हाच आडोसा, तेच खाणे, आणि सरीत पाणीही तेथेच. अमेरिकेत लुइझियाना राज्यात उसाचा मुलूख आहे. ऑक्टोबरापासून वर्षअखेरीपर्यंत तेथे तोडणी चालते आणि हरणे, रानटी डुकरे उभ्या उसाच्या आसऱ्याला असतात. ऊस पडत जाईल तसा तो आसरा आक्रसत जातो.

तेव्हा माळावर बार काढले, कुत्री सोडली, हाका घातला, तर जनावर घाबरून जाणार कुठे? आसपासच्या सर्वांत दाट आडोशात. म्हणजे तुमच्या-आमच्या उसात! धाक जितका मोठा तितके ते आत खोल जाऊन बसणार आणि तितकेच रात्री उठणार. गावात लोक म्हणतात, "दिवसा एक दिसत न्हाई, आन् सकाळी बघावं तर निम्मी सरी उलथलेली." दिवसा दिसत नाही हा धाकाचा परिणाम आहे. नुकसान थांबल्याची ती खूण नव्हे.

गळीत हंगामातही असाच एक क्रम आहे आणि तो आमच्या तोडणी प्रोग्रामशी बांधलेला आहे. सुरुवातीस सगळे कार्यक्षेत्र उसाने भरलेले असते, जनावर पांगलेले असते, नुकसान थोडे थोडे सर्वांचे होते. डिसेंबर-जानेवारीत फड मोकळे होऊ लागतात. तोडलेल्या फडातले जनावर शेजारच्या उभ्या फडात जाते. फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओढ्याकाठी चार-दोन फड बेटासारखे उरतात आणि साऱ्या शिवारातले जनावर त्या बेटांत गोळा होते. तेथला सभासद म्हणतो, यंदा डुकरे वाढली. वाढलेली नसतात, बाकीच्यांची त्याच्याकडे आलेली असतात. त्याने काही चूक केलेली नसते. त्याची लागण उशिराची, म्हणून त्याची तोड उशिरा, आणि म्हणून सगळ्या गावाची डुकरे त्याच्या पदरात. ही तक्रार आम्हांस रास्त वाटते.

तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेने आणि पक्वतेने लागतो. तो डुकरांसाठी मोडता येणार नाही, मोडला तर दुसरी दहा भांडणे उभी राहतील. पण त्या क्रमाच्या आत थोडी जागा असते. एकाच ओढ्याकाठचे, दोन-चार दिवसांच्या फरकाने तोडीस येणारे फड सलग उरकले तर बेटे कमी राहतात. त्यासाठी लागणीच्या वेळीच शेजारशेजारच्या सभासदांनी आपसांत ठरवून एका आठवड्यात लागणी केल्या, तर आमचे काम फार सोपे होईल. हे बैठकीत सांगितले की माना डोलतात, पण पाण्याची पाळी आली की ज्याची त्याची लागण जेव्हा जमेल तेव्हा होते, हेही आम्ही जाणतो.

फड तोडताना टोळीने गावाच्या किंवा रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून ओढ्याकडे, माळाकडे सरकावे. जनावराला बाहेर पडायला एक बाजू मोकळी राहिली पाहिजे. चारी बाजूंनी तोडत आत गेले तर शेवटच्या चार सऱ्यांत कोंडलेले डुक्कर थेट माणसावर येते. पुण्याकडच्या जुन्नर भागात बिबटेही उसात राहतात आणि तोडणी कामगारांना उसात त्यांची पिल्ले सापडल्याच्या घटना सर्वांना माहीत आहेत. टोळीत बायाबापड्या असतात, तान्ही मुले बांधावर झोळीत असतात. मुकादमाने शेवटच्या पट्ट्याला हात घालण्यापूर्वी मुले लांब न्यावीत आणि चांगला आवाज करून थोडे थांबावे. जनावर बाहेर काढण्यासाठी फड पेटवू नये. जळीत उसाला कपात लागते ती लागतेच, वर पाचट गेले, खोडव्याचे डोळे भाजले, आणि आग शेजाऱ्याकडे गेली तर कोर्टाची पायरी वेगळी.

राखण कशी करावी

मचाणाचा तो तीन दिवसांचा अनुभव इथे उपयोगी पडतो. आपला राखणदार रोज एकाच माळ्यावर बसतो, आठ वाजता डबा वाजवायला लागतो, अकराला आडवा होतो. डुकरांना हे वेळापत्रक चार दिवसांत पाठ होते. ती साडेअकराला येतात. भोंग्यावर रोज तेच रेकॉर्डिंग लावले तर आठवड्यात तेही अंगवळणी पडते, कारण आवाजामागून काहीच होत नाही हे जनावर शिकते. म्हणून जागा बदला, वेळ बदला. एक रात्र अंधार पडताना, दुसऱ्या रात्री पहाटे. आवाज शेताच्या मधोमध करण्यापेक्षा जनावर जेथून आत शिरते त्या वाटेवर करावा. वाट शोधायला अवघड नसते, ओल्या बांधावर खूर उमटलेले असतात.

आणि हे एकट्याने करून फार उपयोग नाही. तुम्ही हाकलले की ते शेजाऱ्याकडे जाणार, शेजाऱ्याने हाकलले की तुमच्याकडे. एका ओढ्यावरच्या दहा-बारा जणांनी पाळ्या लावल्या तरच त्याला अर्थ आहे.

कुंपणाचेही तसेच. सौर बॅटरीवरचे झटका कुंपण चांगले, कारण ते रात्रभर जागे असते, त्याला अकरा वाजता झोप येत नाही आणि जनावराला त्याची चुकीची वेळ सापडत नाही. खर्चाचा हिशेब मात्र नीट मांडावा. एक एकराच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे २५४ मीटर होतो. सलग १६ एकरांच्या चौकोनी पट्ट्याचा घेर होतो सुमारे १,०१८ मीटर, म्हणजे एकरी ६४ मीटर. तार आणि खांब एकरी चौथ्या हिश्शात आले. सोळा जणांनी सोळा कुंपणे घालण्यापेक्षा एकच घालावे हे त्यावरून दिसते. उसाचा पाला आणि गवत तारेला टेकले की झटका जमिनीत जातो, तेव्हा तारेखालची पट्टी आठ-पंधरा दिवसांनी साफ केली पाहिजे. हे काम कोणाचे, ते कुंपण घालण्याआधी ठरवावे.

झटका कुंपण म्हणजे मोटारीच्या स्टार्टरमधून आकडा टाकून सोडलेली तार नव्हे. झटका यंत्र क्षणभराचा धक्का देते आणि थांबते. लाइनची वीज थांबत नाही. डुकरांसाठी सोडलेल्या अशा तारेला चिकटून माणसे गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वरचेवर येतात, आणि मरणारा बहुधा परका नसतो. पहाटे पाणी पाजायला गेलेला घरचाच मुलगा असतो, नाहीतर वाढे आणायला आलेली टोळीतली बाई. तार सोडणाऱ्यावर फौजदारी गुन्हा होतो. पिठाच्या गोळ्यात घातलेल्या गावठी बॉम्बचेही तेच. डुक्कर खाईल की तुमची गाय, हे त्या गोळ्याला कळत नाही.

शिकारीच्या परवानगीविषयी थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती होऊन शिकारीवर सरसकट बंदी आली. अपवाद फार थोडे, आणि ते वन विभागाच्या लेखी परवानगीनेच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या वाटेला जाऊच नये. रानडुकरांच्या बाबतीत परवानगी द्यायची की नाही हे वन विभाग ठरवतो. कारखाना ती देऊ शकत नाही आणि बंदूकवाले आणू शकत नाही. नुकसानभरपाई मात्र मिळते. नुकसान दिसले त्याच दिवशी वनरक्षकाकडे लेखी अर्ज द्यावा, सातबाराचा उतारा जोडावा आणि पंचनामा होईपर्यंत मोडलेला ऊस हलवू नये. पुष्कळ सभासद आठ-पंधरा दिवसांनी आमच्याकडे येतात, तोवर खुणा पुसलेल्या असतात आणि आम्हांला काही करता येत नाही.

तोडणी प्रोग्राम पक्का होण्यापूर्वी ज्यांच्या फडात जनावरांचा उपद्रव आहे त्यांनी गट ऑफिसात चिटबॉयकडे पुढील माहिती द्यावी: गट नंबर, लागणीची तारीख, जनावर कोणत्या बाजूने शिरते, साधारण किती वाजता, आणि शेजारचे कोणकोणते फड उभे आहेत. डुक्कर प्रत्यक्ष दिसले नसले तरी खुरांच्या खुणा आणि चोथा कोठे पडला ते सांगितले तरी चालेल. ओढ्यानुसार या नोंदी एकत्र करून सलग तोडीचे फड कोठे जमवता येतील ते आम्ही पाहू, आणि ज्या ओढ्यावर दहापेक्षा जास्त सभासद सामाईक कुंपणास तयार असतील तेथे शेतकी मदतनीस मोजणीस येतील.